दीडशे प्रतींची आवृत्ती: डिजिटल छपाईचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमची प्रकाशनसंस्था म्हणजे दोन माणसे, एक संगणक आणि पुण्यातल्या घराची मागची खोली. त्या खोलीत आमच्या पहिल्या दोन पुस्तकांचे गठ्ठे अजून पडून आहेत. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती काढण्याचा प्रघात ऑफसेटच्या, म्हणजे धातूच्या प्लेट बनवून होणाऱ्या छपाईच्या, गणितातून आला. प्लेटचा आणि यंत्रावरच्या जुळणीचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना येतो, त्यामुळे प्रती वाढवल्या की दर उतरतो. उतरलेल्या दराचा मोह आम्हाला दोनदा महागात पडला, म्हणून गेल्या नऊ महिन्यांत चार पुस्तके आम्ही एका डिजिटल, म्हणजे प्लेटशिवाय संगणकातल्या फाइलवरून थेट छापणाऱ्या, मुद्रणालयातून शंभर-दीडशे प्रतींच्या टप्प्यांनी छापून घेतली.

७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, कागदावर मजकूर स्वच्छ उठतो. ऑफसेटशी तुलना करायला भिंग घ्यावे लागेल. जुनी कृष्णधवल छायाचित्रे मात्र गढूळ येतात, करड्या छटा एकमेकींत मिसळून जातात. खरी तक्रार बांधणीची आहे. पहिल्या खेपेत सरस कडक झाला आणि पुस्तक मधोमध उघडताच पाने सुटू लागली. मुद्रकाने अकरा प्रती वाद न घालता बदलून दिल्या, परंतु ज्या वाचकाच्या हातात ती प्रत पडली त्याला आमचेच नाव आठवणार. दुसऱ्या खेपेत मुखपृष्ठाचा विटकरी रंग चक्क गुलाबीकडे झुकला. तेव्हापासून पहिल्या खेपेतली एक प्रत नमुना म्हणून मुद्रकाकडेच ठेवलेली असते.

छोट्या खेपांचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात आणताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला र हमखास बिघडतो आणि चार वेळा मुद्रितशोधन करूनही काही जागा निसटतात. एका चिकित्सक वाचकाने कळवलेल्या सतरा चुका आम्ही पुढच्या खेपेत दुरुस्त केल्या. हजार प्रती छापल्या असत्या, तर शुद्धिपत्र चिकटवत बसावे लागले असते.

आता पैशाचे. १९२ पानांचे, म्हणजे सोळा पानांच्या बारा फॉर्मचे, डेमी (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचे पुस्तक दीडशे प्रतींत आम्हाला प्रतीमागे १२५ रुपयांना पडले. हजार प्रतींचा ऑफसेटचा दर याच्या जवळजवळ निम्मा होता. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून मुद्रकाला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो या १२५ मध्ये धरलेला आहे. किंमत ३०० ठेवली आणि वितरकाने पन्नास टक्के सवलत मागितली, की हाती १५० येतात. त्यातून छपाईचे १२५ आणि लेखकाचे दहा टक्के मानधन म्हणून ३० रुपये वजा केले, तर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे पाच रुपये आपल्याच खिशातून जातात. त्यात वितरकाकडून पैसे येण्याची वाट पाहणे वेगळेच. म्हणजे या छपाईने साठवणुकीचा धोका कमी होतो, पण दुकानाची वाट जवळपास बंद होते. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर बरे झाले असते. वाचकाला वीस टक्के सवलतीत थेट विकल्यास मात्र हिशेब जमतो, कारण २४० मधून तोच खर्च वजा जाता ८५ उरतात. त्यातच वेष्टन आणि टपाल भागवायचे. मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला कर वगळून २० रुपये पडतात आणि आमचे पुस्तक वेष्टनासह त्या वजनात बसते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो, हाही दिलासा.

एक खर्च छोट्या आवृत्तीत जास्त बोचतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. परीक्षणासाठी आणि लेखकासाठी द्यायच्या प्रती धरल्या, तर दीडशेतल्या वीसेक प्रती विक्रीला उरतच नाहीत.

कविता, स्थानिक इतिहास, आठवणी अशा, शंभर-दोनशे वाचक आधीच ठाऊक असलेल्या पुस्तकांसाठी मी याच मुद्रकाकडे पुन्हा जाईन. पाचवे पुस्तक छायाचित्रांचे आहे आणि त्याची प्रकाशनपूर्व नोंदणी चारशेच्या वर गेली आहे. ते ऑफसेटवर आणि शिवणबांधणीत निघेल.