तालमीतलं तपासणी शिबिर: माहिती एक नंबर, पडदा तोकडा

मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची माहिती आणि मोफत तपासणी होती. बचत गटातल्या सगळ्याजणी निघाल्या, मीही गेले. भिंतीवर मारुतीराया, कोपऱ्यात गदा आणि खाली बायकांची पिशवीच्या तोंडावर चर्चा! कोल्हापुरातच व्हायचं हे.

माहिती सांगणाऱ्या सिस्टर आपल्यातल्याच वाटल्या. कापडाची शिवलेली गर्भपिशवी त्यांनी हातोहात फिरवली, तोंड नेमकं कुठं असतं ते बोटानं चाचपायला लावलं. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळं होतो आणि त्याचे १६ व १८ हे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमागं असतात. लागण बहुतेकींच्या अंगातून आपसूक जाते. राहिली तर कॅन्सर व्हायला १५-२० वर्षंही लागतात. म्हणून काही होत नसतानाच तपासायचं.

एक मावशी म्हणाल्या, "पाळी जाऊन धा वर्सं झाली, आता आमाला काय हुतंय?"

"मावशी, पाळी गेल्यावर थेंबभर जरी लाल दिसलं, तरी दवाखाना गाठायचा." मावशींनी लगेच रांगेत नाव घातलं.

तपासणी म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिड पातळ करून पिशवीच्या तोंडाला लावतात, मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासण्या. थोडं चुरचुरतं, बास. धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांवर झालेला मोठा अभ्यास २००९ साली छापून आला. तिथं एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (ही वेगळी, विषाणूच शोधणारी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे आपल्याच महाराष्ट्रातलं, पण शिबिरात कुणी सांगितलं नाही.

आता नाराजी. तपासणीच्या टेबलाला लावलेला पडदा गुडघ्याएवढा वर, आणि पलीकडं आयोजकांची पोरं खुर्च्या लावत होती. दोघीजणी तिथनंच माघारी फिरल्या. एवढं समजावून सांगायचं आणि दोन चादरी जास्तीच्या आणायच्या नाहीत? रिपोर्टची चिठ्ठीही इंग्रजीत.

एचपीव्हीच्या लसीचं तर घाईतच उरकलं. ९ ते १४ वयाच्या मुलींना ती जास्त उपयोगी, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, एवढंच. लस घेतली तरी पुढं तपासणी चुकत नाही, हे मी विचारलं तेव्हा कळलं.

तरी जा. साडी किंवा सैल घागरा बरा पडतो. पाळी चालू असेल तर मात्र थांबा, परत पाठवतात.