कुस्कोचं कापड : दुकानात काय पाहावं, काय घ्यावं

पेरूमधल्या कुस्कोत हातमागाचं कापड घ्यायचं असेल तर आधी आवेनिदा एल सोलवरचं ‘सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस देल कुस्को’ हे पारंपरिक कापडाचं केंद्र गाठा. ‘कोरिकांचा’ या इंकांच्या सूर्यमंदिरापासून ते पायी जवळच आहे. चिंचेरो गावच्या विणकर निल्दा काय्यान्याउपा आल्वारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही संस्था उभी केली. आता आसपासच्या १० गावांचे विणकर तिच्याशी जोडलेले आहेत. आत छोटं संग्रहालयही आहे.

खरेदीची घाई करू नका. खाली बसून कमरेला बांधलेल्या मागावर विणणाऱ्या बायांचं काम आधी नीट पाहा. सूत चातीवर काततात, मग दोन पदर उलट्या दिशेने पिळतात. ताण्याला पीळ घट्टच लागतो. तो सैल राहिला तर धागे एकमेकांना चिकटतात आणि बाणा घालायला वाट मोकळी होत नाही. ताणा लावायला समोरासमोर दोन माणसं बसतात आणि खुंट्यांभोवती गुंडा एकमेकींकडे देत जातात. आज शेजारीण तुमच्या ताण्याला बसली, तर उद्या तुम्ही तिच्याकडे बसायचं. हीच आयनी. अँडीजमधल्या आय्यूचा, म्हणजे जमीन सामाईक राखणाऱ्या भाऊबंदांच्या गटाचा, सारा व्यवहार तिच्यावर चालायचा.

इंका राज्याने याच सवयीवर आपला कर बसवला. कुटुंबं १०, १००, १,०००, १०,००० अशा गटांत मोजली जात आणि हिशेब किपूत, म्हणजे दोऱ्यांना मारलेल्या गाठींत, राहत असे. राज्य लोकर पुरवी, घरं त्याचं जाडंभरडं ‘आवास्का’ विणून देत आणि ते कोठारांत जाई. तलम ‘कुंपी’ विणायला निवडलेल्या स्त्रिया, म्हणजे आक्लाकुना, आणि खास कारागीर असत. सम्राट हे तलम कापड सरदारांना आणि सैनिकांना भेट देई. पण या देवाणघेवाणीला बरोबरीची म्हणता येणार नाही: शेजारणीची मदत फिटायची, राज्याची मागणी दरवर्षी नव्याने उभी राहायची. म्हणूनच सेंत्रोतल्या प्रत्येक कापडावर विणणाऱ्याचं आणि गावाचं नाव असलेली चिठ्ठी असते, हे मोलाचं वाटतं.

सगळंच इंकाकालीन समजू नका. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग स्पॅनिश लोकांबरोबर आले. लोकर देणारा अल्पाका मात्र इथलाच.

घेताना चारही कडा तपासा. कमरेच्या मागावरच्या अखंड कापडाला चारही बाजूंना विणलेला काठ असतो, कापलेली कड कुठेच नसते. बाजारात ‘बेबी अल्पाका’, म्हणजे अल्पाकाची तलम लोकर, म्हणून कृत्रिम अ‍ॅक्रिलिक सर्रास विकतात. सुटा धागा जाळला तर अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. इथले भाव बाजारापेक्षा चढे आहेत, पण कातणं, रंगवणं आणि विणणं पाहिल्यावर ते रास्त वाटतात.

लाल रंग फड्या निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यांचा. लिंबाने तो नारिंगीकडे झुकतो, सोड्याने जांभळा पडतो. म्हणून धुताना गार पाणी आणि सौम्य साबण वापरा, पिळू नका, सावलीत आडवं पसरून वाळवा.