स्नोब्लोअरच्या चेनला काय लावायचं: तेल, ग्रीस की मेण?

ऑक्टोबर लागला की ओळखीचं कोणी ना कोणी हे विचारतंच. आमच्या सिराक्यूजला (न्यूयॉर्क राज्यातलं शहर) लेक ऑन्टॅरिओच्या कृपेने हिवाळ्यात सरासरी सव्वाशे इंच बर्फ पडतो, त्यामुळे ऐन जानेवारीत बर्फ उपसून दूर उडवणारं हे मशीन रुसलं तर सगळंच अडतं. गिअर ऑइल, ग्रीस आणि मोटरसायकलच्या चेनसाठी मिळतो तो मेणाचा स्प्रे, हे तिन्ही मी वापरले आहेत. मी बोलतोय ते चाकांना ओढ देणाऱ्या, मशीनच्या पोटातल्या चेनबद्दल.

ग्रीसचं आधी उरकून टाकतो. चेन झिजते ती पिन आणि बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) यांच्या मधल्या सांध्यात. सांधे ढिले होत जातात, म्हणून चेन लांबते. ग्रीस तिथवर पोचतच नाही. ते रोलरवर बाहेरून थापलं जातं, कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं आणि रस्त्यावरची वाळू धरून ठेवतं. ज्यांचं ग्रीसवर वर्षानुवर्षं छान चाललंय त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण नव्याने ठरवणाऱ्याला मी तरी ते सुचवणार नाही.

तेलाची बाजू मात्र भक्कम आहे. स्वस्त, घरात असतंच, सांध्यात नीट शिरतं. शहराचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा राडा ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो. तो उपसताना खारं पाणी खालच्या पत्र्याच्या फटींतून आत येतं, तेव्हा तेलाचा थर गंजाला चांगला अडवतो. शिवाय एका जागचं तेल घासून गेलं तर आजूबाजूचं ओघळून तिथे येतं. नुसत्या चेनचा विचार केला तर मी तेलालाच पहिला नंबर दिला असता.

पण त्या पोटात चेन एकटी नसते. तिच्यापासून चार बोटांवर रबरी कडेचं एक चाक धातूच्या सपाट तबकडीवर दाबून फिरत असतं. तबकडीच्या मध्यापासून चाक जितकं दूर, तितका वेग जास्त. मध्य ओलांडून पलीकडे गेलं की रिव्हर्स. मशीन पुढे सरकतं ते या दोघांच्या घर्षणावर. तिथे तेलाचा अंश जरी पोचला तरी पकड गेली. म्हणूनच या चाकाला वंगण लागू देऊ नका, असं मॅन्युअलमध्ये बजावलेलं असतं.

माझं मशीन सेकंडहँड. आधीच्या मालकाने चेनला सढळ हाताने तेल पाजलेलं होतं. सपाटीवर काही कळायचं नाही. पण चढावर, प्लाऊने रचलेल्या ढिगाला भिडलं की ऑगर (बर्फ आत ओढणारा पुढचा स्क्रू) जोरात फिरतोय, इंजिन गुरगुरतंय आणि चाकं जागच्या जागी. तेवढं वजनदार धूड मागून रेटत बर्फ काढणं म्हणजे फावडं परवडलं. खालचं झाकण उघडलं, तर तबकडीवर तपकिरी, चकचकीत वर्तुळ उमटलेलं. रबरावरून नख फिरवलं तर नखात काळा, चिकट लगदा आला. तबकडी ब्रेक क्लीनरने पुसून लख्ख झाली. रबर मात्र तेल पिऊन मऊ पडलं होतं. ते चाक बदलायला माझ्या मॉडेलमध्ये षटकोनी शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर काढावा लागतो. चेनला घातलेल्या तेलापायी एवढा उद्योग, हे मला अजूनही पटत नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मेणाचा स्प्रे मारताना पातळ असतो, सांध्यात उतरतो, मग त्यातलं द्रावण उडून जातं आणि कोरडा थर मागे राहतो. टपकत नाही. तबकडीच्या आड पुठ्ठा धरून मारायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. त्याचे हट्ट मात्र पुरवावे लागतात: चेन आधी स्वच्छ आणि कोरडी हवी, डबा महाग पडतो, आणि खाऱ्या पाण्यापुढे तो तेलाइतका टिकत नाही. फेब्रुवारीत कुरकुर ऐकू आली तर पुन्हा एक हात द्यावा लागतो. हे मी चालवून घेतो, कारण तेव्हापासून चढावर मशीन अडलेलं नाही.

मशीन उघडाल तेव्हा टाकीतलं पेट्रोल संपवून, स्पार्क प्लगची वायर काढूनच ते पुढे नाकावर उभं करा. चेन अर्ध्या इंच पिचची (दोन सांध्यांमधलं अंतर अर्धा इंच) असेल तर १२ सांधे ६ इंचांत बसायला हवेत. ते ६ ३/१६ इंचांवर गेले असतील तर कुठलंही वंगण कामाचं नाही, नवी चेन घाला. मास्टर लिंकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद टोक मशीन पुढे जाताना चेन ज्या दिशेने सरकते, तिकडे ठेवा.

मशीन उघड्यावर ताडपत्रीखाली राहत असेल, तर तेलाचा विचार जरूर करा. फक्त डब्याने ओतू नका, बारीक ब्रशने सांध्यांवरच लावा आणि उरलेलं फडक्याने टिपून घ्या. गराज असेल तर मी मेणच म्हणेन, आणि तेही थंडी पडायच्या आत. गारठलेल्या चेनवर स्प्रे वरच्या वर थिजतो, सांध्यात उतरत नाही.