कार्बन फायबरचा कृत्रिम पाय, दीड वर्ष वापरल्यावरचा रिव्ह्यू

सुरुंगात डावा पाय गुडघ्याखालून गेला, फौज सुटली, आता सिव्हिलियन. लिहायचं कारण एवढंच की मी घेताना जे रिव्ह्यू वाचले त्यात सगळे पळतानाचे व्हिडिओ, रात्री २ ला बाथरूमला कसं जायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं.

पंजा एक नंबर आहे, त्यात वाद नाही. टाच टेकली की पंजातली कार्बनची पट्टी दबते आणि पाऊल उचलताना तीच पुढे ढकलते, आधीचा साधा पंजा नुसता ओढत न्यावा लागायचा. सपाट रस्त्यावर मागून बघणाऱ्याला कळत पण नाही, उतारावर लगेच कळतं. पट्टी किती कडक हवी ते वजनावर ठरतं, तर आत्ताचं वजन सांगा, मी फौजेतलं सांगून बसलो आणि पहिले २ महिने फळीवर चालल्यासारखं चाललो.

पण खरा खेळ सॉकेटचा, म्हणजे उरलेला पाय ज्या कपात बसतो त्याचा. स्टंप, म्हणजे तो उरलेला पाय, सकाळी एक असतो नि संध्याकाळपर्यंत बारीक होतो, मग मधेच कुठेतरी आडोसा बघून पाय काढा, एक मोजा चढवा, परत घाला. मी आता क्लिक मोजतो, लायनरची (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) पिन सॉकेटच्या लॉकमध्ये जाताना टक टक वाजते ना, माझी ४ वेळा वाजली तर बरोबर, ६ वाजली म्हणजे स्टंप जास्त खाली गेला, मोजा वाढवा. पहिल्या वर्षात तर तो इतका आटला की सॉकेट २ वेळा नवीन करावा लागला, आणि हे असं होतंच म्हणे! मग आधी सांगायला काय झालं होतं?

लायनरमध्ये घाम मरणाचा. रोज रात्री धुवायचा आणि आरसा धरून स्टंप बघायचा, लाल डाग १०-१५ मिनिटांत गेला नाही तर पाय परत लावायचा नाही, आधी दाखवायचा. बूट बदलताना टाचेची उंची तीच ठेवा, नाहीतर सगळं अलाइनमेंट बोंबलतं.

नसलेल्या पायाचा अंगठा अजून मुरगळतो, दिवसा पाय घातलेला असला की कमी, रात्री जास्त. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांचा १९९० च्या दशकातला आरशाचा उपाय केला, चांगला पाय आरशासमोर हलवायचा, मेंदूला वाटतं दोन्ही हलले. मला थोडा फरक पडला, सगळ्यांना पडतोच असं नाही.

अजून एक, शॉर्ट्स घातली की अनोळखी लोक सल्यूट मारतात आणि फुल पँट घालून बसमध्ये सीट मागितली की वर-खाली बघतात. यात कंपनीचा दोष नाही म्हणा.

आणि ते रात्रीचं. झोपेत विसरायला होतं, उठून सरळ उभा राहिलो, दोनदा तोंडावर आपटलो. कुबडी उशाशी ठेवा, कोपऱ्यात नाही.

५ पैकी ४. एक कापलाय तो सॉकेटसाठी.