प्रोपेनवर चालणारा दीड टनी एसी: नागपूरच्या उन्हात आठ महिने

मशीन दीड टनाचे, इन्व्हर्टर, पाच स्टार. गॅस आर-२९०, म्हणजे शुद्ध केलेला प्रोपेन. नेमप्लेटवर गॅसचे वजन ३०० ग्रॅम. खोली १२ बाय १५ फूट, उंची १० फूट, वर थेट गच्ची आणि पश्चिमेची एक भिंत दुपारभर तापणारी. वापर मार्च ते ऑक्टोबर, उन्हाळ्यात रोज साधारण १० तास, सेटिंग २६ अंश. वीज मोजायला वेगळा सबमीटर.

विदर्भात एसी घेताना पहिला प्रश्न एकच असतो: बाहेर ४५-४६ अंश असताना तो थंड करतो का? याचे उत्तर बरेचसे गॅसवर अवलंबून असते, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. बाहेर ४६ असेल तर आउटडोअरच्या कॉइलमधला गॅस साधारण ६० अंशांना द्रवरूप होतो. प्रत्येक गॅसचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी गॅसचा द्रव होत नाही, आणि त्याच्या जवळ जाऊ लागताच थंडावा घटून वीज वाढते. एसीत वापरल्या जाणाऱ्या गॅसांपैकी आर-४१०ए चे हे तापमान सुमारे ७१ अंश, आर-३२ चे ७८, जुन्या आर-२२ चे ९६ आणि आर-२९० चे जवळपास ९७. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आर-४१०ए जवळ जेमतेम ११ अंशांची जागा उरते, आर-३२ जवळ १८, तर प्रोपेनजवळ ३६. आर-२२ ची जुनी मशिने उन्हात तग धरायची आणि त्यांच्या जागी आलेली आर-४१०ए ची दुपारी दमायची, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

प्रत्यक्षातही तसेच दिसले. बाहेर ४५ असताना इनडोअरच्या तोंडाशी हवा १४-१५ अंश आणि परत जाणारी २६, म्हणजे फरक ११-१२ अंशांचा. मे महिन्यात दहा तासांना ९ ते १० युनिट लागले. ६० अंशांना प्रोपेनचा दाब २१ बारच्या आसपास असतो, आर-३२ चा ३९. कॉम्प्रेसरमधून निघणारा गॅसही आर-३२ च्या मानाने बराच थंड असतो, त्यामुळे तेल जळण्याची भीती कमी.

जुलैत मात्र हाच फरक ८-९ अंशांवर आला. दमट हवेत मशीनची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते, म्हणून पावसाळ्यात फरक घटणे हे गॅस कमी झाल्याचे लक्षण नाही. आणि उन्हाळ्यात कूलर व एसी एकाच खोलीत एकदम चालवू नका. कूलरने हवेत सोडलेले पाणी एसीला पुन्हा काढावे लागते. कोरड्या एप्रिल-मेमध्ये दिवसा नुसता कूलर पुरत असेल तर तोच लावावा. त्यात गॅसच नाही आणि वीजही कितीतरी कमी.

आता पर्यावरणाचा हिशेब. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत आर-२२ हवा १८१० पट तापवतो, आर-४१०ए २०८८ पट, आर-३२ ६७५ पट आणि आर-२९० साधारण ३ पट. दीड टनी मशीनमधला ८०० ग्रॅम आर-३२ हवेत गेला तर ते ५४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते. इथला ३०० ग्रॅम प्रोपेन गेला तर एक किलोही नाही. आर-२२ ओझोनही खातो. त्याचे नवे एसी बनवणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे. आर-३२ आणि आर-४१०ए यांच्यावर किगाली दुरुस्तीनुसार (असे हवा तापवणारे गॅस कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारतात २०२८ पासून मर्यादा येईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात व्हायची आहे. प्रोपेन या कपातीच्या यादीतच नाही. तो काही परका प्रयोगही नाही: सातारा जिल्ह्यातल्या शिरवळमध्ये गोदरेजने २०१२ पासून असे स्प्लिट एसी बनवले.

पण नुसता गॅस पाहून मशीन घेऊ नये, हे आम्ही ठासून सांगू. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तीन स्टार आणि पाच स्टार मशीनमध्ये वर्षाला २०० युनिटचा फरक पडला तर १४० किलो झाले. चार वर्षांत तेवढ्यानेच आर-३२ चा अख्खा गॅस हवेत सोडल्याइतके नुकसान होते. म्हणून तीन स्टारच्या प्रोपेन मशीनपेक्षा गळती नसलेले पाच स्टारचे आर-३२ मशीन बरे ठरू शकते. दोन्ही पाच स्टार असतील तर मात्र प्रोपेनच घ्या.

तो पेट घेतो, हे खरे. हवेत २.१ टक्के, म्हणजे घनमीटरला ३८ ग्रॅम झाला की ठिणगीने पेटू शकतो. आर-३२ ला वजनाने त्याच्या आठपट प्रमाण लागते. या खोलीचे घनफळ ५१ घनमीटर आहे. सगळा ३०० ग्रॅम गॅस आत सुटून सारखा पसरला तर घनमीटरला ६ ग्रॅमही होत नाही. पण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो सारखा न पसरता जमिनीलगत साचतो. म्हणून खोलीचा आकार महत्त्वाचा. भिंतीवरच्या युनिटसाठी आंतरराष्ट्रीय मानकाचा जुना, साधा हिशेब असा: १६ चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम आणि १० बाय १० फुटांच्या खोलीला २३० ग्रॅमच. २०२२ च्या आवृत्तीने जास्त गॅसची मुभा दिली आहे, पण मशीनमध्ये जादा सुरक्षा उपाय असतील तरच. मॅन्युअलमध्ये किमान क्षेत्रफळ छापलेले असते. दुकानदाराच्या अंदाजावर न जाता तो आकडा वाचा. युनिटच्या खाली जमिनीलगत सॉकेट किंवा स्टॅबिलायझर ठेवू नका. त्या खोलीत देवघर असेल तर समई-निरांजन दुसरीकडे हलवा.

बहुतेक तक्रारी मशीनमुळे येत नाहीत, बसवणाऱ्यामुळे येतात. गॅस आउटडोअरमध्ये आधीच भरलेला असतो. पाइप जोडल्यावर थोडा गॅस सोडून आतली हवा हाकलायची ही मिस्त्रींची जुनी सवय. आर-२२ च्या ९०० ग्रॅममधून ३० ग्रॅम गेले तर कुणाला कळत नसे. इथे ३० ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा. योग्य पद्धत अशी: पाइप कंपनीच्या लांबीचेच ठेवा, लांबवले की गॅस वाढतो आणि खोलीचा हिशेब कोलमडतो. फ्लेअर (पाइपची पसरवलेली तोंडे) नवे करून त्यांवर तेलाचा हलका हात द्या, नट टॉर्क पान्याने आवळा. मग कोरडा नायट्रोजन मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापर्यंत भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा. ऑक्सिजन कधीही वापरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. नंतर व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे आत उरलेल्या दाबाचे माप) खेचा आणि पंप बंद करून पंधरा मिनिटे थांबा. आकडा थोडा चढून स्थिर झाला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती. दोन्ही नसेल तरच व्हॉल्व्ह उघडा.

दुसरी मोठी चूक गेज लावल्यावर होते. आर-३२ ला सरावलेल्या मेकॅनिकला सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या बाजूला) १२०-१५० पीएसआय पाहायची सवय असते. प्रोपेनला तिथे ६५-८० च दिसतात, आणि तो ‘गॅस कमी आहे’ म्हणून भरायला घेतो. हे दाब आर-२९० चे नेहमीचेच आहेत. शिवाय इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग बदलला की आकडाही बदलतो. इथे गॅस दाबावर नव्हे, वजनावर भरतात. काटा ५ ग्रॅमपर्यंत अचूक हवा, आणि अर्धवट भरणी न करता जुना गॅस काढून, व्हॅक्यूम करून पूर्ण ३०० ग्रॅम तोलायचे. गॅस खरेच कमी असेल तर इनडोअर कॉइलच्या सुरुवातीच्या ओळींवर बर्फ धरतो, बाकी कॉइल कोरडी राहते आणि कॉम्प्रेसर सारखा पूर्ण वेगाने पळतो.

घरगुती सिलिंडरचा गॅस यात चालतो का, हे बरेच जण विचारतात. नाही. त्यात ब्युटेन, ओल आणि वास येण्यासाठी घातलेली गंधकयुक्त द्रव्ये असतात. आर-२९० ला वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही. हायड्रोकार्बनचा डिटेक्टर किंवा साबणाचे पाणी हवे. जुन्या आर-२२ च्या एसीत प्रोपेन भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दाब जुळतात म्हणून मशीन चालेलही, पण त्यातले रिले आणि स्विच ठिणगी रोखण्यासाठी बनवलेले नसतात.

दुरुस्तीत जीवावर बेतते ते पाइप जोडायच्या ज्योतीच्या टॉर्चमुळे. सिस्टीम रिकामी दिसली तरी कॉम्प्रेसरच्या तेलात प्रोपेन विरघळून उरतो, आणि पाइप तापवला की बाहेर येऊन पेटतो. आधी एमसीबी पाडावा, खिडक्या उघडाव्यात, गॅस नळीने बाहेर मोकळ्या हवेत, गटारापासून लांब सोडावा, मग नायट्रोजन, व्हॅक्यूम, पुन्हा नायट्रोजन. त्यानंतरच ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने पाइप जोडणे. शक्य तिथे दाबून बसवायचे जोड वापरले की ज्योतच लागत नाही. पावडरचे अग्निशामक हाताशी हवेच. ही सगळी साधने असलेला मेकॅनिक लहान शहरात सहज मिळत नाही, आणि या मशीनची खरी उणीव हीच आहे. घेण्याआधी सेवा केंद्राला फोन करून काटा आणि हायड्रोकार्बन डिटेक्टर आहेत का, एवढे विचारा.

आउटडोअरच्या मागे फूटभर आणि समोर किमान तीन फूट मोकळे ठेवा. सावली वरून द्या, पण जाळीच्या पेटीत कोंडू नका. गरम हवा तिथेच फिरली की ४५ चे ५२ व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात धूळ दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. इनडोअर कॉइलच्या आसपास व्हिनेगर किंवा ताजे व्हार्निश नको. त्यांच्या आम्लवाफांनी तांब्याला मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक छिद्रे पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत गॅस हळूहळू उडून जातो.

आणि जुना आर-२२ चा एसी उतरवताना पाइप कापू देऊ नका. मशीन कूलिंगवर चालू ठेवून द्रवाच्या बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेज शून्याजवळ आले की लगेच जाड पाइपचाही, आणि त्याच क्षणी मशीन बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये अडकतो. मग तो डबा भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर द्या. त्यातला ९०० ग्रॅम आर-२२ म्हणजे सोळाशे किलो कार्बन डायऑक्साइड आहे.