लिमिट की सरळ सूत्र: क्षणिक वेग कशानं काढावा?

“सूत्र आहे ना सर, मंग लिमिट काहून लावाचं?” यवतमाळकडच्या खेड्यातल्या आमच्या अकरावीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे.

शेतातल्या विहिरीत दगड सोडला. पाणी काठापासून चौसष्ट फूट खाली, म्हणजे साधारण १९.६ मीटर. हवेचा अडथळा धरला नाही, तर दगडानं कापलेलं अंतर = ४.९ × वेळ². म्हणजे तो २ सेकंदांनी पाण्यावर आदळतो. पण बरोबर १ सेकंदाला त्याचा वेग, म्हणजे त्या क्षणाचा क्षणिक वेग, किती?

लिमिटनं करू, म्हणजे काळ लहान लहान करत सरासरी वेग कोणत्या आकड्याकडे जातो ते बघू. १ ते १.१ सेकंद या काळातला सरासरी वेग येतो १०.२९. हा काळ ०.०१ केला की ९.८४९, ०.००१ केला की ९.८०४९. काळ ‘च’ धरून मांडलं तर ९.८ + (४.९ × ‘च’) मिळतं, ‘च’ शून्याकडे नेला की उरतो सेकंदाला ९.८ मीटर. यात अर्धं पान जातं.

सूत्रानं, म्हणजे विकलन करताना, वेळेचा घात पुढे आणायचा, घातातून १ वजा करायचा: ९.८ × वेळ. वेळ १ ठेवली की झालं. एमएचटी-सीईटीत भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथं लिमिट मांडत बसायला वेळच नाही. परीक्षेत सूत्रच वापरा, हे मी ठामपणे सांगतो.

पण नुसतं सूत्र पाठ केलेली पोरं आधी वेळ १ ठेवतात, ४.९ मिळवतात आणि मग त्याचं विकलन करतात. उत्तर शून्य. दगड वेगानं खाली चाललाय आणि वहीत वेग शून्य, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. ज्यांनी वरचे तीन सरासरी वेग एकदा हातानं काढले, त्यांच्याकडून ही चूक सहसा होत नाही. एका संध्याकाळचं काम आहे, ते टाळू नका.

प्रॅक्टिकलला नुसता तक्ता असेल, तर विकलन करायला फलच, म्हणजे वेळेवरून अंतर सांगणारं समीकरणच, नसतं. तेव्हा दोन्ही बाजूंची नोंद घ्या: ०.९ सेकंदाला ३.९६९ मीटर, १.१ सेकंदाला ५.९२९. फरक १.९६, भागिले ०.२, उत्तर ९.८. अंतर वेळेच्या वर्गात आहे म्हणून ते तंतोतंत आलं. अंतर = वेळ³ असतं तर ३ च्या जागी ३.०१ आलं असतं.

रीत कोणतीही घ्या, फल किती वेळेपर्यंत लागू आहे ते आधी बघा. वेळ ३ ठेवली तर सूत्र २९.४ देतं, आणि दगड तर एक सेकंद आधीच पाण्यात गेलेला असतो.