मुलीच्या फीसाठी कर्ज काढायला गेले आणि ६९,१५० रुपये घालवून बसले

आम्ही इचलकरंजीचे. ह्यांचे आठ माग, खर्चीवर. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपल्याला विणण्याची मजुरी. मी घरी शिवणकाम करते. थोरली लेक पुण्याकडच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, धाकटा तेव्हा नववीत. चैन कधी केली नाही, पण कुणाची फी थकवलीही नाही.

२०२३ च्या मे महिन्यात एका रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत कळ आली. जवळचं हॉस्पिटल गाठलं, ते सरकारी योजनेत बसत नव्हतं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले आणि बिल झालं सव्वादोन लाख. लेकीच्या फीसाठी ठेवलेली ठेव त्यातच मोडली. उरलेले माझ्या भावानं दिले. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली आणि माग बंद पडले. मागाचा खडखडाट थांबल्यावर घर कसं होतं, ते यंत्रमागवाल्याच्या घरात राहिलेल्यालाच कळेल.

जुलैत लेकीचा फोन आला. दुसऱ्या वर्षाची फी आणि होस्टेल मिळून पहिला हप्ता ९५,००० रुपये, ३१ तारखेच्या आत. ती म्हणाली, "आई, एक वर्ष ड्रॉप घेऊ का? घरी येते, बाबांना मदत होईल." मी तिला गप्प केलं. ह्यांना काही सांगायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. नुकतंच हृदयाचं दुखणं झालेल्या माणसाला टेन्शन कुठं द्यायचं? पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं झाली. फोनवरच्या त्या माणसाला सांगितलं ते सगळं मी घरातल्या माणसापासून लपवून ठेवलं होतं.

रात्री मोबाइलवर "शैक्षणिक कर्ज लगेच" असं टाकून शोधलं. एका पानावर नाव, नंबर आणि किती कर्ज पाहिजे ते भरलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन वाजला. बोलणं अगदी गोड आणि शुद्ध. "ताई, मुलगी इंजिनिअरिंगला आहे ना? सरकारच्या विद्यार्थी योजनेतून तीन लाख बसतात तुम्हाला. व्याज चार टक्के. हप्ता तिचं शिक्षण झाल्यावर." आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर मंजुरीचं पत्र आलं.

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. वर सिंहांची राजमुद्रा, खाली जावक क्रमांक, माझं नाव, लेकीचं नाव, तीन लाख आकड्यात आणि अक्षरात. खाली जांभळा गोल शिक्का आणि सही. त्या रात्री मी ते पत्र देवापुढं ठेवलं होतं. आता बघते तेव्हा कळतं, शिक्का कागदावर मारलेला नाही, छापलेला आहे. शाई कुठंच पसरलेली नाही आणि सहीची रेघ शिक्क्याच्या वरून जाण्याऐवजी खाली गेली आहे. शिवाय कुठल्या बँकेची कुठली शाखा, ते अख्ख्या पत्रात कुठंच नाही.

मग पैसे मागायला सुरुवात झाली. आधी फाईल चार्ज २,७५०. शिवणाचे आले होते ते दिले. दोन दिवसांनी कर्जाचा विमा, दहा हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. हिशेब बरोबर बसतोय म्हणून मला उलट विश्वास वाटला. भिशीतले उचलून भरले. मग "तीन हप्ते आगाऊ, ६,२०० प्रमाणे", १८,६००. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होणार असं पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, तर मग आगाऊ कशाचा? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही, कारण २५ तारीख उलटून गेली होती आणि लेकीचा रोज मेसेज येत होता.

शेवटी मोठी रक्कम. त्यानं एक स्क्रीनशॉट पाठवला, त्यात तीन लाख माझ्या खात्याकडे निघालेले दिसत होते आणि खाली लाल अक्षरात "थांबवले". टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर. म्हणाला, "बारा टक्के टीडीएस भरला की एका तासात जमा. नंतर रिफंड मिळतो ताई." छत्तीस हजार. आईनं दिलेल्या दोन पाटल्या मी आगाऊ हप्त्यांच्या वेळीच पतसंस्थेत ठेवून ५५,००० उचलले होते. आधीचे आगाऊ हप्ते आणि हा टीडीएस दोन्ही त्यातूनच गेले. यूपीआयवर पैसे पाठवताना दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव यायचं. विचारलं तर म्हणाला, "ते आमच्या कॅशियरचं खातं आहे." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच, "मंजुरी गोपनीय असते ताई, जमा होईपर्यंत कुणाला बोलू नका." मी तर आधीच कुणाला सांगत नव्हते.

एक तास गेला, एक दिवस गेला. मग एनओसीचे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, २७,००० मागितले. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. शेवटी मी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं, कॉलेजच्या अकाउंट विभागात फोन लावला, फक्त आठ दिवसांची मुदत मागायला. तिथल्या बाईंनी विचारलं, "कर्ज कुठल्या बँकेचं? बोनाफाईड आणि फी स्ट्रक्चरचं पत्र आमच्याकडून कधी नेलंत?" मी म्हटलं, ते कुणी मागितलंच नाही. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या हळू म्हणाल्या, "मॅडम, फी किती ते न विचारता फीसाठी कर्ज कोण देईल हो? अजून पैसे पाठवू नका."

मी जिन्यात बसून राहिले.

त्यानंतर दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. सगळ्यात जास्त नुकसान या दोन दिवसांनी केलं. तिसऱ्या दिवशी लेक घरी आली, माझा चेहरा बघूनच तिनं मोबाइल मागितला आणि वहीत तारीख, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) ओळीनं उतरवून काढला. मग १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत तिथंच अडवता येतात. आमचे बहुतेक पैसे तोवर तीन-चार खात्यांतून फिरून काढलेही गेले होते. शेवटच्या व्यवहारातले ११,००० एका खात्यात गोठवलेले सापडले, ते कोर्टाच्या आदेशानं आठ महिन्यांनी परत आले. ६९,१५० मधले ११,०००. पहिल्या तासात फोन केला असता तर छत्तीस हजारांतले आणखी काही वाचले असते, असं पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं. ते मला अजून लागतं.

बँकेनं भरपाई द्यावी अशी आशा होती. पण पिन टाकून पैसे आपणच पाठवले असतील तर ती मिळणं फार अवघड असतं, हेही तिथंच कळलं.

ह्यांना सांगावंच लागलं. हे एवढंच म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस तर मी आजारी पडलो असतो असं वाटलं का तुला? चार माग विकू." आणि विकले. भंगारच्या भावात गेले.

फीचं पुढं काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरा रस्ता आमच्या पायाखालीच होता. लेक कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात गेली. तिचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. अशा मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. पहिल्या वर्षी आम्ही तो भरलाच नव्हता, "ओपनवाल्यांना काही मिळत नाही" असं कुणीतरी सांगितलं म्हणून. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला आणि दुसऱ्या वर्षाचा अर्ज गेला. २०२४-२५ पासून तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातलं काही मिळत नाही. प्रवेश घेतानाच हे डोक्यात ठेवा. नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे.

उरलेल्या पैशांसाठी आम्ही खरं कर्ज काढलं. एका सरकारी बँकेच्या शाखेनं टोलवलं, दुसऱ्या शाखेनं घेतलं. अर्ज केंद्र सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. कागद मात्र भरपूर मागितले: बोनाफाईड, फी स्ट्रक्चर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पहिल्या वर्षाचा निकाल, उत्पन्नाचा पुरावा. मॅनेजरांनी लेकीला समोर बसवून वीस मिनिटं प्रश्न विचारले. पाच आठवडे लागले. कॉलेजनं बँकेची पोच बघून तेवढी मुदत दिली. पैसे माझ्या हातात आलेच नाहीत, बँकेनं थेट कॉलेजच्या खात्यात भरले. कर्ज मिळण्याआधी कुणी माझ्याकडून एक रुपयाही मागितला नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर केली. त्यात ठरावीक नामांकित संस्थांमधल्या मुलांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते बघून घ्या.

टीडीएसचं कोडं मला बँकेतल्या एका मुलीनं सोडवून दिलं. टीडीएस उत्पन्नावर कापतात. कर्ज हे उत्पन्न नाही, ते परत फेडायचं असतं. त्यावर कसला टीडीएस? आणि मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जांबद्दल रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा की मधल्या एजंटाची फी कर्ज देणाऱ्या संस्थेनं द्यायची, ती कर्जदाराकडून एजंटानं घ्यायची नाही. एवढं जरी मला कुणी त्या महिन्यात सांगितलं असतं!

आणखी दोन गोष्टी. माझं आधार आणि पॅन त्यांच्याकडे गेलं होतं, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. माझ्या नावावर दुसरं कर्ज निघालंय का ते बघायला क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आणि तक्रारीनंतर महिन्याभरात आणखी एक फोन आला होता. "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, प्रोसेसिंगचे ५,००० भरा." आवाज वेगळा होता, "ताई" म्हणायची पद्धत तीच. लेकीनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, नंबर वहीत लिहिला आणि फोन ठेवून दिला.

लेक यंदा पास होऊन बाहेर पडली. नोकरीचं बघते आहे. पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत, दर महिन्याला व्याज भरते. चार माग सुरू आहेत.